घागर भरायच्या आधी

आमच्याकडे उन्हाची बातमी होत नाही. जळगावात पारा कुठवर चढला ते टीव्हीवरची मुंबईची मंडळी डोळे मोठे करून सांगतात, तेव्हा आमच्या घरातली माणसं जेवत असतात आणि ताटावरून कोणी मान वर करत नाही. उन्हाळ्यात ऊनच असणार, त्यात सांगायचं काय? मी धुळ्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. घामाच्या ग्रंथीची आकृती फळ्यावर इतक्यांदा काढली आहे की डोळे मिटूनही काढता येईल. घरी येऊन कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं की माझ्यापुरता उन्हाळ्याचा विषय संपायचा.

माय, म्हणजे माझी आई, भावाकडे असायची. एरंडोल आणि भडगावच्या मधे आमचं गाव आहे, गिरणा नदीच्या अंगाला. भाऊ केळी आणि कापूस करतो. घर पुढून स्लॅबचं आणि मागून पत्र्याचं. पुढच्या खोलीत कूलर होता, पण माय मागच्या खोलीत झोपायची, कारण नानांची खाट तिथे होती. नाना म्हणजे आमचे वडील. ते गेले तरी खाट हलवायची नाही असा तिचा हुकूम होता, आणि तिच्या हुकमावर अपील चालत नसे.

आमच्या घरात बोली अहिराणी आणि भांडण हीच बोलायची रीत. मी रोज मधल्या सुट्टीत फोन करायची आणि आधी पाण्याचंच विचारायची.

"माय, पानी पिनी का?"

"पिनू ना व पोरी, कितींदाव इचारस?"

"किती पिनी?"

"शायमा शिकाडस ना तू? मंग शायमाच शिकाड, घरमा नको."

शाळेतलं शाळेतच शिकव, असं सुनावून फोन ठेवायची. ठेवायच्या आधी कधी "बरं ठेवते" वगैरे नाही. मला राग यायचा आणि हसूही यायचं. त्या दिवसांत मला वाटायचं, ही बाई भांडतेय तोवर काळजी करायचं काही कारण नाही.

पाण्याशी तिचं वाकडं का आलं ते सांगायचं तर नानांपासून सांगायला हवं.

नाना आयुष्यभर भर दुपारी केळीत असायचे. सकाळी नेलेली पाण्याची कळशी संपली की संपली, परत भरून आणायला घरी कोण येतो? लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणायचं, जिरं आणि खडीसाखर भिजवून प्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात. गावात सगळ्यांचंच असं चालायचं. मग एका वर्षी त्यांचे पाय सुजले, तोंड सुजलं, अन्नाचा वास नको झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, साखर आहे का, प्रेशर आहे का. दोन्ही नव्हतं. दोन्ही किडन्या मात्र गेल्या होत्या. डॉक्टर चांगले होते. "नेमकं कशानं ते सांगता येत नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. आता मी वाचते की उष्ण मुलखांत, जिथे माणसं उन्हात राबतात आणि पाणी पुरेसं पीत नाहीत, तिथे साखर-प्रेशर नसतानाही किडन्या जाताना दिसतात. ऊन कारण आहे, की औषधफवारणी, की विहिरीचं पाणी, की सगळं मिळून, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. नानांचं मात्र सगळं मिळूनच होतं.

डायलिसिससाठी ते माझ्याकडे धुळ्याला राहिले आणि माय त्यांच्यासोबत आली. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यायचं असतं, कारण आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, ते अंगात साचतं, छातीत चढतं. डॉक्टरांनी मायला एक स्टीलचा पेला दाखवून हिशेब समजावला. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सांगितलेली गोष्ट ती दगडावर कोरल्यासारखी पाळायची. धुळ्याचा उन्हाळा, खिडकीतून येणारी झळ, आणि आमचे नाना पेल्याच्या तळाशी असलेल्या पाण्याकडे बघत बसलेले. ती माठ त्यांच्या नजरेआड स्वयंपाकघरात ठेवायची. आम्ही प्यायचो तेही आत जाऊन, चोरासारखं. नाना कधी चिडायचे, कधी लहान पोरासारखे लाडीगोडी लावायचे. तिनं एक थेंब जास्त दिला नाही. रात्री पदरात तोंड घालून रडायची, सकाळी पुन्हा तोच पेला.

शेवटच्या दिवशी ते दवाखान्यात होते. श्वास लागला होता. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "येक घोट दे ना. येकच."

"थांबा, डॉक्टरले इचारी येस," ती म्हणाली, आणि उठून गेली.

डॉक्टर दुसऱ्या रुग्णाजवळ होते. ती दाराशी उभी राहिली. डॉक्टर वळले, तिचं ऐकलं आणि म्हणाले, "द्या हो मावशी, आता द्या." ती पेला भरून परत आली तोवर नाना गेले होते. मी त्यांच्या उशाशी होते. मायनं पेला खाली ठेवला नाही. आम्ही त्यांना घरी आणेपर्यंत तो तिच्या हातात होता आणि त्यातलं पाणी गाडीच्या हिसक्यांनी तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

मग आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमचा खान्देशचा दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण सकाळचा मान पितरांचा असतो. कुंभाराकडची कोरी घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, वर सांजोरी, म्हणजे रव्याचं गोड सारण भरून तळलेली पुरी ठेवायची आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन पूजा करायची. वर गेलेल्यांनाही उन्हाळ्यात तहान लागते, ती या पाण्यानं भागते, अशी समजूत. आमच्या घरात आणखी एक नेम होता. घागर भरेपर्यंत आंबा खायचा नाही आणि नव्या माठाचं पाणी प्यायचं नाही. आधी पितर, मग आपण.

लहानपणी हा नेम जाचायचा नाही. घरात जुना माठ असायचाच, त्याचं पाणी प्यायचं. आंब्याला तर आखाजीच्या आधी चवही नसते. पण नाना गेल्यावर मायनं तो नेम असा काही धरला की आम्हीच घाबरलो. नव्या माठाचंच काय, गार म्हणून जे पाणी असेल ते ती आखाजीपर्यंत शिवायची नाही. फ्रीजचं नाही, बर्फाचं नाही, शेजारणीच्या घरच्या माठातलंही नाही. हंड्यात जे कोमट पाणी असेल त्यातलं पेलाभर घ्यायची, आणि पेला तोच, धुळ्याचा. टाकीचं पाणी दुपारी इतकं तापायचं की हात पोळायचा. ते कोणाला किती पिववेल?

"पयले त्यासले, मंग आपले," एवढंच तिचं उत्तर. "त्यासले मी येक घोट दिधा नही."

मी जीवशास्त्राची बाई, माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. नानांना पाणी कमी सांगितलं ते त्यांच्या आजारासाठी, तुला प्रेशरची गोळी आहे, तिनं लघवी जास्त होते, तुला उलट जास्त पाणी हवं. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, तहान लागली नाही म्हणजे पाणी नको असं नसतं. मी हे सगळं तिला अहिराणीत, मराठीत, हातवारे करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरनी त्यासले पानी कमी सांगं व्हतं ना? मंग कमी पानी वाईट कसं?" एका माणसाचं पथ्य ती दुसऱ्या माणसाला लावत होती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. ती शिक्षा भोगत होती, आणि शिक्षा भोगणाऱ्याशी वाद घालून काही होत नाही.

मग एका वर्षी ऊन लवकर आलं. होळीनंतर लगेचच दुपारी रस्ते ओस पडायला लागले. रात्रीही गारवा नाही. पूर्वी पहाटे गोधडी ओढावी लागायची, त्या वर्षी पहाटेही भिंतीला हात लावला तर ती गरम. दिवसाच्या उन्हापेक्षा अशा रात्री शरीराला जास्त भोवतात, कारण सावरायला उसंतच मिळत नाही, हे मी पुढे वाचलं. पत्र्याच्या खोलीत मायला ती उसंत कधीच मिळाली नसणार. तिच्या डोक्यावर पंखा होता. तोही कोरड्या, तापलेल्या हवेत म्हाताऱ्या माणसाला नुसता गरम वारा घालतो. अंगावर ओलं फडकं असेल तर गोष्ट वेगळी.

भावानं बाजारातून नवा माठ आणला होता, कारण जुना झिरपेनासा झाला होता. आमच्याकडचं पाणी जड, एका उन्हाळ्यात माठाची भोकं बुजतात. नवा माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पालथा ठेवलेला होता. मी मधे एकदा जाऊन आले तेव्हा तो पाहिला.

"माय, माठ भरी ठेव ना."

"आखाजी कोठे व्हयनी आजून?"

वहिनीनं माझ्याकडे पाहून मान हलवली. तिनं पोरांसाठी फ्रीजमध्ये बाटल्या ठेवल्या होत्या. त्यातली एक मी मायपुढे धरली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, माझ्या गालाला लावली आणि म्हणाली, "तूच पे. तुनं तोंड देख कसं लाल व्हयनं." मी प्यायले. पाणी गळ्याखाली उतरताना ती माझ्याकडे मोठ्या समाधानानं बघत होती.

आखाजीला लेकीला द्यायला बिबडे लागतात. बिबडे म्हणजे ज्वारीचे मोठे, पातळ पापड. ज्वारी भिजवायची, दळायची, शिजवून त्याचा घाटा करायचा आणि ओल्या कापडावर हातानं थापत न्यायचे. चार बायका जमून पहाटे सुरू करतात आणि उन्हं वर यायच्या आत संपवतात. त्या दिवशीही बायकांनी वेळेत संपवलं आणि आपापल्या घरी गेल्या. माय मात्र गच्चीवर पायऱ्यांजवळच्या जराशा सावलीत राखण करत बसली. चिमण्या येतात, वारा कापड उडवतो, आणि बिबडा अर्धवट वाळलेला असताना उलटला नाही तर तडकतो. वहिनीनं दोनदा हाक मारली. तिनं वरूनच "उनू, उनू," म्हणजे आले आले, म्हटलं.

मधल्या सुट्टीत मी फोन केला. वहिनीनं उचलला आणि सांगितलं, माय खाली आली, पण अंग तापलंय, शेजारणी म्हणतात ताप आहे, तापाची गोळी दिली आणि गोधडी पांघरून निजवलंय. मी म्हटलं, तिला फोन दे.

"माय?"

"हां."

"पानी पिनी का?"

ती भांडली नाही. अगदी हळू म्हणाली, "तुना नाना कथा गयात व? पेला भरीसन ठेयेल शे मी. कवयना ठेयेल शे."

नाना कुठे गेले म्हणून ती मला विचारत होती, त्यांच्यासाठी कधीचा पेला भरून ठेवलाय म्हणत होती. तिचं भान सुटत होतं. मी वहिनीवर ओरडले, घाम आहे का बघ. वहिनी म्हणाली, नाही, अंग कोरडं आहे. मी ओरडतच होते. गोधडी काढ, लुगडं सैल कर, अंगावर पाणी ओत, डोक्यावर नुसती पट्टी ठेवून भागणार नाही, सगळं अंग भिजव, फ्रीजमधलं सगळं पाणी तिच्या अंगावर ओत आणि मग पंखा लाव, भावाला शेतातून बोलाव. तिनं तसं केलं. माझी वहिनी फार शहाणी आहे, एकही प्रश्न न विचारता तिनं सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या. टाकीचं पाणी तर उकळत होतं. कोपऱ्यातला माठ कोरडा होता. तो भरलेला असता तर घरात माठभर गार पाणी असतं. हा विचार मी किती वेळा केला आहे, आणि दर वेळी त्यानं तसंच भाजतं.

भावानं तिला गाडीत घालून भडगावला नेलं, तिथून जळगावला न्या म्हणाले. मी धुळ्याच्या स्टँडवर मिळाली ती बस धरली. खिडकीतून येणारा वारा तोंड भाजत होता आणि बसमधली माणसं नेहमीसारखी डुलक्या काढत होती. कोणाचंही काही बिघडलेलं नव्हतं. मला त्या सगळ्यांचा राग आला. पारोळ्याच्या अलीकडे भावाचा फोन आला.

"ताई," तो म्हणाला, "माय गयी."

दवाखान्यात हृदय बंद पडल्याचं लिहिलं. ते खोटं नाही, शेवटी सगळ्यांचं हृदयच बंद पडतं. दारावर आलेले लोक म्हणाले, वय झालं होतं, हातीपायी गेली, सोनं झालं. मी कोणाशी भांडले नाही, एरवी भांडले असते. पण ऊन हा शब्द कोणीच उच्चारला नाही, ना दवाखान्यात, ना दारावर. उन्हानं गेलेली कितीतरी माणसं उन्हाच्या नावावर लागतच नाहीत, ती हृदयाच्या, किडनीच्या, वयाच्या नावावर जातात, असं आता संशोधक म्हणतात. मला हे मायवर पांघरलेल्या त्या गोधडीनं कळलं. नानाही उन्हानंच गेले असतील आणि मायही. एक वर्षानुवर्षं थोडा थोडा, एक एका दुपारी.

तेराव्यानंतर मी धुळ्याला परतले आणि आखाजीला पुन्हा माहेरी गेले. यंदा झोका नव्हता. वहिनीनं आदल्या दिवशीच नवा माठ धुऊन, भिजवून भरून ठेवला होता. ओट्यावर पूजेसाठी दोन घागरी मांडल्या होत्या, एक नानांची, एक मायची. डांगरं आणली होती, सांजोऱ्या तळल्या होत्या. भाऊ सोवळं नेसून पाटावर बसला होता. दहाच वाजले असतील, पण अंगणात पाऊल ठेववत नव्हतं.

भावाची धाकटी मुलगी बाहेरून खेळून आली. तोंड लालभडक, केस कपाळाला चिकटलेले. ती थेट माठापाशी गेली आणि माझा पदर ओढला.

"आत्या, माले गार पानी दे ना."

"थांब वं," वहिनी आतून म्हणाली, "पयले आजीले, मंग आपले."

तिच्या बिचारीच्या ध्यानातही आलं नसेल, ती कोणाचं वाक्य बोलली. घरातला नेम, तो तिनं सांगितला. पण भावानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले. मुलगी थांबली होती. शहाण्या पोरीसारखी, जीभ ओठांवरून फिरवत, ती आजीची पूजा व्हायची वाट बघत उभी राहिली होती. तिचं ते मुकाट्यानं थांबणं मला बघवेना.

मी उठले. फडताळात मायचा पेला होता. तो घेतला, माठात बुडवला आणि तिच्या हातात दिला. वहिनीचा हात तोंडाशी गेला. भाऊ म्हणाला, "पिऊ दे तिले."

ती गटागटा प्यायली. मग पुन्हा पेला पुढे केला. मी पुन्हा भरला. मग भावाला दिला, पूजेच्या पाटावरच, आणि वहिनीला दिला. शेवटी मी प्यायले. पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले. वाळ्याचा वास होता त्याला, वहिनीनं टाकला असेल. मला हुंदका आवरला नाही. असंच पाणी मायच्या घरात, मायच्या हाताशी असू शकलं असतं.

मग आम्ही दोन्ही घागरी भरल्या. नानांची भावानं भरली. मायची मी भरत होते. पाणी काठाला आलं, वरून वाहू लागलं, ओटा भिजला, माझी साडी भिजली. "ताई, भरनी, बस कर," भाऊ म्हणाला. मी ओततच राहिले.